बाईंची रोजची थाप

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘कशावरून’ म्हणत. ‘कशावरून आली’, ‘कशावरूनचा तास’, ‘कशावरूनने आज छत्री आणली नाही’. बाईंना हे चांगलं ठाऊक होतं. एकदा त्या वर्गात शिरत असताना मागच्या बाकावरून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “आली रे कशावरून.” बाई दाराबाहेरच थांबल्या आणि तिथूनच त्यांनी विचारलं की, तुम्ही मला अजून पाहिलं नाही, मग मीच आले हे कशावरून? हसावं की घाबरावं हे वर्गाला कळेना. शेवटी एकजण म्हणाला, बाई, तुमची डावी चप्पल घासते. बाईंनी चप्पल काढून पाहिली, अंगठा सैल झाला होता. त्या मुलाला त्यांनी अख्खा खडू बक्षीस दिला आणि संध्याकाळी चप्पल शिवून घेतली.

मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकलो आणि पुढे त्याच शाळेत मास्तर होऊन अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. आज मी त्या शाळेचा पर्यवेक्षक आहे. नवीन आलेल्या शिक्षकांना कोणीतरी सांगतं की हे बाईंचे पट्टशिष्य. मी ते खोडत नाही. हे लिहितोय तेही बाईंचं कौतुक करायला नाही. कौतुक करायचा हक्क मी माझ्या हाताने घालवलाय आणि ते कसं झालं तेवढंच सांगायचं आहे.

बाईंची पद्धत अशी होती. रोजच्या तासाला त्या एक थाप मारत. एकच, पण अगदी सरळ चेहऱ्याने, बाकीच्या खऱ्या गोष्टींच्या ओळीत नीट बसवून. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने वीतभर चौकट रंगवून घेतली होती. तास संपायच्या आत थाप पकडायची, उठून त्या चौकटीत लिहायची आणि वर्गासमोर उभं राहून कारण द्यायचं. “बाई, हे चुकीचं आहे” एवढ्यावर सुटका नसे. बाई खुर्चीत मागे टेकत आणि विचारत, “कशावरून?” पाहिलं म्हणून, मोजलं म्हणून, करून बघितलं म्हणून, ही कारणं चालत. ‘पुस्तकात आहे’ हे चालत नसे. ‘बाबा म्हणाले’ हे तर मुळीच नाही. त्यावर बाई म्हणत, मग उद्या बाबांनाच पाठव, त्यांना विचारते.

कोणीच थाप पकडली नाही तर घंटेच्या आधी पाच मिनिटं बाई स्वतः ती चौकटीत लिहीत, तिच्यावर काट मारत आणि सगळ्यांना वहीत काट मारायला लावत. मग रांगारांगांतून फिरून प्रत्येक वहीतली काट डोळ्यांनी बघत. थाप घंटेच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नियम. मी पाहिलेल्या सगळ्या वर्षांत तो एकदाच मोडला, आणि तोही एकाच वहीपुरता. हे वाक्य मी इथे किती सहज लिहून गेलो. जिथे बोलायला हवं होतं तिथे ते माझ्या तोंडून निघालं नाही.

मी शाळेत होतो तेव्हा शेवटच्या बाकावर बसायचो आणि तोंड उघडायचो नाही. वडील लाकडाच्या वखारीत मापाडी, घरात सहा माणसं आणि सगळ्यांना बोलायची घाई, त्यामुळे मला गप्प बसायची सवय झाली होती. बाई मला ‘मौनीबाबा’ म्हणत. आठ महिने मी एकही थाप पकडली नाही. पकडल्या होत्या पाच-सहा, पण उठलो नाही. एक दिवस बाई म्हणाल्या की जड वस्तू पाण्यात बुडते आणि हलकी तरंगते. वर्गाने माना हलवल्या, वह्यांत लिहून घेतलं. माझ्या पोटात कालवाकालव झाली. वखारीच्या मागे नदी होती आणि चार माणसांना न उचलणारे ओंडके त्या नदीतून तरंगत येत. आणि आईची सुई हौदात पडली होती ती तळाला जाऊन बसली होती, मीच बुडी मारून काढली होती. मी हात वर केला. हात वर गेलाय हे मलाच उशिरा कळलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं की ओंडका तरंगतो आणि सुई बुडते, तर मग खरं काय? मी म्हणालो, मला माहीत नाही. बाई वर्गाकडे वळून म्हणाल्या की आज पहिल्यांदा कोणीतरी या खोलीत खरं उत्तर दिलंय. त्या दिवशी त्यांनी मला खडू दिला नाही. पर्समधून रुमालात बांधलेली एक चष्म्याची काच काढून दिली, एका कडेला टवका उडालेली, मधे जाड आणि कडांना पातळ. त्यांचा धाकटा भाऊ चष्म्याचं दुकान चालवायचा, त्याच्याकडच्या फुटक्या काचा बाई पिशवीभर वर्गात आणत. भिंगांचा धडा त्या डोळे मिटायला लावून शिकवत. “अंगठ्याने बघा,” म्हणत. मधे फुगलेलं ते बहिर्गोल, ते जवळचं मोठं दाखवतं, म्हाताऱ्यांच्या नाकावर बसतं. मधे दबलेलं ते अंतर्गोल, लांबचं न दिसणाऱ्यांसाठी. ती टवका उडालेली काच आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. म्हणजे होती. आता ती मी घरी नेऊन ठेवली आहे.

पुढे मी मास्तर होऊन आलो तेव्हा कळलं की शिक्षकांच्या खोलीत बाईंची थाप म्हणजे डोळ्यांतलं कुसळ होती. गणिताचे सर म्हणत की आम्हाला खरं शिकवून पोर्शन संपवायला वेळ पुरत नाही, बाईंना खोटं शिकवायला कुठून मिळतो? बाई पेपर तपासता तपासता म्हणाल्या, “खरं सांगितलं की पोरं लिहून घेतात. यात एक खोटं आहे म्हटलं की ऐकतात.” तेवढंच बोलून त्या पुन्हा पेपरात घुसल्या. आणखी एकदा मी त्यांना एकटं गाठून विचारलं होतं की बाई, पण हे कशासाठी? तेव्हा मात्र त्या बराच वेळ बोलल्या. म्हणाल्या की पाठ होतं ते परक्याचं राहतं, पटतं ते आपलं होतं. मुलगा माझ्यावर विश्वास ठेवून परीक्षेत पास होईल, पण मी काही त्याला आयुष्यभर पुरणार नाही. उद्या त्याला कोणीही खुर्चीवर बसून काहीही सांगेल, खुर्ची माझ्यापेक्षा मोठी असेल, आवाज गोड असेल. तेव्हा त्याच्या पोटात कालवाकालव झाली पाहिजे, आणि ती झाली की हात वर गेला पाहिजे. कालवाकालव सगळ्यांच्याच पोटात होते, बाई म्हणाल्या, हात वर जाण्यासाठी सराव लागतो.

त्या काही गोड स्वभावाच्या नव्हत्या. शाबासकी देताना त्यांच्या जिवावर येई. ‘बाई, छान शिकवता’ म्हणणाऱ्या पालकाला त्या ‘कशावरून?’ विचारून पार कानकोंडं करत. लग्न केलं नव्हतं. भाऊ, भावजय आणि त्या असे तिघं दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. घरीही तोच खाक्या. वहिनी एकदा म्हणाली की पाणी उकळलंय, तर यांनी सवयीने विचारलं, कशावरून? वहिनी म्हणाली, “हात घालून बघा.” ही गोष्ट बाईच हसत हसत सांगायच्या. स्वतःवरची थाप पकडली गेली की त्यांना सगळ्यात जास्त आनंद व्हायचा.

आता तो दिवस. सातवीच्या वर्गात बाईंनी काचेच्या बरणीत जाळं विणणारा कोळी आणला होता आणि त्या दिवशीची थाप होती, ‘कोळी हा सहा पायांचा कीटक आहे.’ बरणी बाकाबाकावरून फिरणार, मुलं पाय मोजणार, आठ निघणार, मग कीटकाला सहाच पाय असतात तर हा कोण, असा सगळा बेत. बरणी पहिल्या रांगेतच होती तेव्हा दारात कापड दुकानदार उभे राहिले. ते शाळेच्या समितीवर होते आणि त्यांचा मुलगा वर्गात दरवर्षी पहिला यायचा. घरी कोणाचं तरी लग्न होतं, गाडी बाहेर उभी होती, मुलाला न्यायचं होतं. बाईंना तास मोडलेला खपत नसे. त्या त्रासिकपणे म्हणाल्या, ज्याला घाई आहे त्याने जावं. मुलगा दप्तर भरून गेला. त्याची वही त्याच्याबरोबर गेली. तास संपताना बाईंनी अडतीस वह्यांतल्या अडतीस काटा बघितल्या. एकोणचाळिसावी वही राहिली. मुलगा चार दिवसांनी परत आला तोपर्यंत बाईंच्या डोक्यातून ती निघून गेली होती. ही बाईंची चूक. ती त्यांनी कधी नाकारली नाही.

वार्षिक परीक्षेत ‘चूक की बरोबर’मध्ये कोळी आला. पोराने वहीतून मान मोडून पाठ केलं होतं, त्याने ‘बरोबर’ लिहिलं. एक गुण गेला. त्या एका गुणाने तो दुसरा आला आणि पहिली आली शाळेच्या शिपायाची मुलगी. हे कापड दुकानदारांना कोळ्यापेक्षा जास्त डसलं असावं, पण तसं कोणी बोललं नाही. ते मुलाची वही घेऊन आले. त्यात सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, कोळी हा सहा पायांचा कीटक आहे, आणि खाली लाल शाईने अधोरेखित केलेलं. वर काट नव्हती.

चौकशी समिती बसली. मुख्याध्यापक, एक वकील आणि एक निवृत्त कारकून. बाईंची नोकरीची तीन वर्षं उरली होती आणि त्यांना दुसरं काही येत नव्हतं, वर्गाशिवाय त्यांचं म्हणावं असं काही नव्हतंही. साक्षीला मी होतो. विद्यार्थी म्हणून पाहिलेलं आणि शिक्षक म्हणूनही पाहिलेलं असा शाळेत मी एकटाच. समितीलाही हवा होतो आणि बाईंनाही.

आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला व्हरांड्यात थांबवलं. जूनपासून पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतेय, माझंच नाव त्यांच्या डोळ्यांसमोर आहे, असं म्हणाले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “उद्या पाल्हाळ नको. विचारलं तेवढंच सांगा.” यात धमकी नव्हती, वाईट काही नव्हतं. आवाज तर फारच गोड होता. माझ्या पोटात कालवाकालव झाली आणि मी म्हणालो, बरं सर.

शाळा सुटल्यावर सायकल स्टँडपाशी बाई भेटल्या. मला वाटलं आता त्या विनवणी करतील आणि मला अवघड होईल. पण कसली विनवणी. सायकलचं कुलूप काढता काढता त्या म्हणाल्या, “उद्या माझी बाजू घेऊ नकोस. पाहिलंस ते सांग. पण पाहिलंस ते सगळं सांग.” मी मान हलवली. बाई गेल्या. मी तिथे उभा राहून दोन वाक्यं जुळवून बघत होतो, एक व्हरांड्यातलं आणि एक सायकल स्टँडवरचं. दोन्हींत खोटं बोल असं कोणी म्हटलं नव्हतं. यातच मला किती बरं वाटलं होतं ते आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत काच लावलेल्या टेबलाभोवती सगळे बसले. बाई भिंतीकडच्या खुर्चीत होत्या. त्यांनी एका पिशवीत अडतीस वह्या आणल्या होत्या, घरोघर फिरून गोळा केलेल्या. वकिलांनी सांगितलं की बाकीच्या वह्यांचा इथे प्रश्न नाही. पिशवी पायाशीच राहिली. मग मला विचारलं.

“बाई वर्गात मुद्दाम खोटं सांगतात, हे खरं आहे?”

“हो.”

“कधीतरी, की रोज?”

“रोज.”

“तुम्ही विद्यार्थी होता तेव्हाही?”

“हो.”

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. माणूस तसा सभ्य होता. त्यांनी विचारलं, “आणखी काही सांगायचंय तुम्हाला?”

खोलीत पंखा फिरत होता. मी बाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या, थाप मारून झाल्यावर बसत तशाच, कुठल्या बाकावरून हात वर येतोय ते बघत. एकच वाक्य होतं. ‘पण घंटेच्या आधी त्या ती खोडत, आणि प्रत्येक वही तपासत.’ बारा वर्षांचा असताना मी अख्ख्या वर्गासमोर ओंडक्याबद्दल बोललो होतो, आणि आता चाळीस वर्षांचा बाप्या झालो होतो.

“नाही,” मी म्हणालो.

वकिलांनी बाईंना विचारलं की साक्षीदाराला काही विचारायचं आहे का. बाईंनी नकारार्थी मान हलवली. म्हणाल्या की तो वर्गात असता तर विचारलं असतं, इथे नको. मग त्यांनी पिशवी उचलली. वह्या जड होत्या, एका हाताने उचलेनात, म्हणून दोन्ही हातांनी उचलली. कोणीच उठलं नाही. मीही नाही.

आठवड्याने पत्र निघालं. ‘विद्यार्थ्यांची दिशाभूल’ असे शब्द त्यात होते. बाईंना काढून टाकलं नाही, शाळा एवढीही निर्दय नव्हती. त्यांना वर्गातून काढून ग्रंथालय सांभाळायला दिलं. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली आणि चार कुलूपबंद कपाटं, ज्यांच्या किल्ल्या मुख्याध्यापकांकडे. बाई त्या खोलीत साडेदहा ते साडेपाच बसत. डोक्यावरून वर्ग जिना चढत-उतरत. चार महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये मी पर्यवेक्षक झालो होतो.

राजीनाम्यानंतर मी एकदा त्यांच्या घरी गेलो. काय बोलणार होतो कोण जाणे. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं होतं मला. दार वहिनीने उघडलं. मला बघून तिने आत बघितलं, मग पुन्हा मला, आणि म्हणाली, या, सापाला दूध पाजायची या घराला सवयच आहे. तरी चहा तिनेच केला. कप ठेवताना म्हणाली की लवकर प्या, मला भांडी आवरायची आहेत.

बाईंनी मला वकिलाचे प्रश्न पुन्हा म्हणायला लावले. माझी उत्तरंही. चौकशीला त्या तिथेच होत्या, सगळं ऐकलेलं होतं, तरी लावले. मी म्हणून दाखवली. त्या नेहमीसारख्या मागे टेकून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “यात एकही शब्द खोटा नाही.” आणि खरं सांगतो, क्षणभर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला वाटलं त्यांनी माफ केलं. बाई पुढे म्हणाल्या, “खोटं पकडायला मी तुम्हाला शिकवलं. अर्धं खरं पकडायला शिकवायचं राहूनच गेलं. ते जास्त लागतं, नाही का? चुकलंच माझं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, पोराबाळांचं नाव पुढे केलं असतं, वखारीतल्या बापाचं केलं असतं. चहा तसाच टाकून मी निघालो. जिना उतरताना वरून वहिनीचा आवाज आला, कप उचलताना ती कोणाला तरी म्हणत होती की निदान एवढं तरी संपवायचं होतं.

आता बाई भावाच्या दुकानात बसतात. गिऱ्हाइकांचे चष्मे पुसून देतात, काचा निवडतात. मी त्या रस्त्याने जात नाही. दोन वर्षांपूर्वी मला जवळचं दिसेना, तेव्हा चष्मा करायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

पर्यवेक्षक झाल्यावर मी पहिल्या वर्षी दोन कामं केली. फळ्यांना नवा काळा रंग दिला, त्यात बाईंची चौकट गेली. पूर्ण गेली नाही. ऑइलपेंटचा उंचवटा राहिला आहे आणि तिथे लिहिताना खडू अजून अडखळतो. दुसरं काम म्हणजे दुरुस्तीची वही. परीक्षेत चुकलेलं प्रत्येक उत्तर मुलांनी त्या वहीत बरोबर करून पाच वेळा लिहायचं आणि त्याखाली शिक्षकाने सही करायची. पालकांना ही पद्धत फार आवडली. निकाल वाढला. कापड दुकानदारांनी वार्षिक सभेत माझं नाव घेऊन सांगितलं की आता शाळेत शिस्त आली आहे. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते. मी सांगतो, मुलं लिहितात. पोर्शन डिसेंबरलाच संपतो.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या दोषांचा धडा होता. त्या दिवशी मला मुख्याध्यापकांकडे जायची घाई होती, मी नोट्स भराभर सांगत गेलो. मग चाचणी झाली. चव्वेचाळीस पेपर मी एका बैठकीत तपासले. उत्तरं नोट्सशी जुळवायची, खूण करायची, पुढे जायचं, हात आपोआप चालतो. एका मुलीच्या पेपरवर मात्र अडलो, कारण तिचं उत्तर लांब होतं. जवळचं नीट दिसत नसेल तर कोणतं भिंग वापरतात, याला बाकी सगळ्यांनी एक ओळ लिहिली होती. हिने लिहिलं होतं: ‘बहिर्गोल. कारण माझ्या आजीला जवळचं दिसत नाही आणि तिच्या चष्म्याची काच मधे जाड आहे. मी बोट लावून पाहिलं.’ नोट्समध्ये अंतर्गोल होतं. मी फुली मारली. शेजारी लाल शाईत लिहिलं, ‘फापटपसारा नको. नोट्स वाच.’

पेपर वाटले तेव्हा तिने ती फुली बघितली. शेजारणीच्या पेपरात डोकावली. मग तिचा हात वर यायला लागला. खांद्यापर्यंत आला. मी विचारलं, काय गं? तिने माझ्याकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. “काही नाही, सर.” मीही पुढे विचारलं नाही. टाचणी पडली तरी ऐकू येते असा माझा वर्ग आहे.

दुसऱ्या दिवशी मुलं वाचत बसली होती आणि मी टेबलाशी दुरुस्तीच्या वह्या बघत होतो. तिची वही आली. सुंदर अक्षर. ‘जवळचे दिसत नसल्यास अंतर्गोल भिंग वापरतात.’ पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथी वाचताना अक्षरं जरा धुरकट वाटली म्हणून मी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. अंगठा काचेवरून फिरला. मधे जाड, कडांना पातळ. अंगठ्याला पस्तीस वर्षांनीही ते लगेच कळलं, डोक्याला उशीर लागला. माझ्या नाकावर दोन वर्षं बसलेली काच मला सांगत होती की मी चव्वेचाळीस मुलांना उलटं लिहून दिलंय. आणि त्यातल्या एकीने आजीच्या चष्म्याला बोट लावून बघितलं होतं, कारण लिहिलं होतं, कोणी कशावरून असं न विचारतासुद्धा. त्या मुलीने काल माझी फुली बघितल्यावर घरी बसून खोटं पाच वेळा सुवाच्य अक्षरात काढून आणलं होतं.

मी मान वर केली. ती पहिल्याच बाकावर बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती. काहीतरी होईल असं तिला वाटत असावं. उठून फळ्याशी जायचं होतं, चौकट नव्हती तर नसू दे, एक ओळ लिहून तिच्यावर काट मारायची होती. मग चव्वेचाळीस पेपर परत मागवायचे, गुण फिरवायचे, मुख्याध्यापकांना सांगायचं, पालक येणार, कापड दुकानदार येणार, आणि टेबलाभोवती कोणीतरी विचारणार की सर चुकीचं शिकवतात, हे खरं आहे?

मी चष्मा पुन्हा घातला. पाचव्या ओळीखाली सही केली, तारीख घातली आणि वही तिला परत दिली. तिने सही बघितली, मान खाली घातली आणि वही दप्तरात ठेवली. घंटेला अजून बारा मिनिटं होती.